पाव सेकंदाचा प्रवास आणि सेकंदाला शंभर ठोके

जमिनीपासून जवळजवळ 36 हजार किलोमीटर वर एक रडार आहे असं समजा. त्यानं रेडिओलहरींचा एक स्पंद खाली सोडला, तो जमिनीला लागला आणि त्याचा पडसाद परत वर गेला. या जाण्यायेण्यात पाव सेकंद जातो. आता कुणाला विचारलं, की या रडारनं सेकंदाला किती स्पंद सोडावेत, तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: पहिल्याचा पडसाद आल्याखेरीज दुसरा सोडायचा नाही, म्हणजे फार तर चार. उत्तर तर्काला धरून आहे, पण चूक आहे. असं रडार आरामात सेकंदाला शंभर स्पंद सोडू शकतं. पहिल्याचा पडसाद पोचेपर्यंत त्याच्या मागून आणखी चोवीस निघालेले असतात, काही खाली उतरत, काही वर चढत.

हे कसं चालतं, आणि शंभर चालतात तर एकशे एक का चालत नाहीत, हा या लेखाचा विषय. (हो, एकशे एक खरंच चालत नाहीत. पुढे गणित करून दाखवतो.) रडार अभियंते या कामाला पीआरएफ ठरवणं म्हणतात. पीआरएफ म्हणजे दर सेकंदाला सोडलेल्या स्पंदांची संख्या, हर्ट्झमध्ये मोजलेली. कक्षा, अँटेनाचा आकार, चित्राची रुंदी, उपलब्ध वीज, या सगळ्यांचा वाद शेवटी या एका आकड्यापाशी येऊन मिटवावा लागतो.

आधी असं रडार चित्र काढतं कसं, ते थोडक्यात. कॅमेऱ्याला उजेड लागतो आणि ढग आडवे आले की त्याचं काम थांबतं. रडारला दोन्हींची फिकीर नाही. त्याची अडचण वेगळी आहे. रेडिओलहरींची लांबी सेंटिमीटरांत मोजायची, म्हणजे प्रकाशलहरींच्या तुलनेत अवाढव्य. आठशे-नऊशे किलोमीटरवरून दहा मीटरचा तपशील टिपायचा तर काही किलोमीटर लांबीची अँटेना हवी. ती कोण वर नेणार? 1951 साली गुडइयर कंपनीतल्या कार्ल वायली यांनी यातून वाट काढली. अँटेना छोटीच ठेवायची, पण ती पुढे सरकत असताना प्रत्येक जागेवरून पडसाद नोंदवत जायचे आणि नंतर गणितानं ते एकत्र जुळवायचे. जितक्या लांबीच्या वाटेवरून पडसाद गोळा केले, तितक्या लांबीची अँटेना असल्यासारखं चित्र मिळतं. हेच सिंथेटिक अपर्चर रडार, म्हणजे सार.

यातच ठोक्यांचा पहिला नियम दडलेला आहे. लांबलचक अँटेना अशी तुकड्यातुकड्यानं उभी करायची तर तुकड्यांमध्ये फार मोकळी जागा राहून चालत नाही. हिशेब असा: खऱ्या अँटेनाच्या निम्म्या लांबीइतकं अंतर उपग्रह सरकायच्या आत पुढचा स्पंद गेलाच पाहिजे. उशीर झाला तर चित्रात भुतं दिसायला लागतात. एखाद्या शहराचे झगझगीत पडसाद काही किलोमीटर दूर, शांत समुद्राच्या काळ्या पाण्यावर उमटतात. तिथं काहीच नसतं, पण चित्र ठामपणे सांगतं की आहे.

म्हणजे ठोके भरभर हवेत. दुसरा नियम नेमका उलट ओढतो. रडारचा झोत जमिनीवर एका बिंदूवर पडत नाही, रुंद पट्ट्यावर पडतो. पट्ट्याच्या जवळच्या कडेचा पडसाद आधी येतो, लांबच्या कडेचा नंतर. हा सगळा पसारा दोन ठोक्यांच्या मधल्या वेळेत मावला पाहिजे. नाही मावला, तर एका स्पंदाचा लांबच्या कडेचा पडसाद आणि पुढच्या स्पंदाचा जवळच्या कडेचा पडसाद एकाच क्षणी दारात उभे राहतात आणि कोण कुठला ते कळत नाही.

स्पंद वाटेत किती आहेत याला महत्त्व का नाही, ते इथं स्पष्ट होतं. कुणी दूरदेशी दर दोन दिवसांनी एक पत्र टाकतो आणि उत्तर यायला पन्नास दिवस लागतात असं धरा. पंचवीस पत्रं कायम वाटेवर. कुठल्या पत्राचं उत्तर आहे हे उत्तरात लिहिलेलं नसतं. तरी घोटाळा होत नाही, कारण उत्तर एकाच गावाहून येतंय आणि त्या गावच्या टपालाला किती दिवस लागतात ते ठाऊक आहे. आज आलेलं उत्तर पन्नास दिवसांपूर्वीच्या पत्राचं, विषय संपला. घोटाळा सुरू होतो तो दोन दिवस पलीकडच्या गावाहूनही उत्तरं यायला लागली की. तेव्हा गाव किती लांब आहे यानं फरक पडत नाही. झोतात किती लांबी-रुंदीचा मुलूख सापडतो, एवढंच ठोक्यांना जाचतं.

तिसरा नियम साधा आणि त्रासदायक. बहुतेक उपग्रहांवर पाठवणारी आणि ऐकणारी अँटेना एकच असते. स्पंद सोडत असताना रडार बहिरं असतं. त्या वेळात जे पडसाद येतील ते गेले. शिवाय उपग्रहाच्या बरोबर खालच्या जमिनीवरून एक दणदणीत पडसाद सरळ वर येतो. आपल्याला बघायची असते बाजूची जमीन, पण झोताच्या कडेनं सांडलेली थोडी ऊर्जा खाली जातेच, आणि काटकोनात आपटलेली लहर फार जोरात परतते. हा आगंतुक पाहुणा ऐकण्याच्या वेळेत येता कामा नये.

खालच्या कक्षेत हे तीन नियम किती आवळून बसतात, ते युरोपच्या सेंटिनेल-1 या सार उपग्रहावर पाहता येतं. उंची 693 किलोमीटर, अँटेनाची लांबी 12.3 मीटर, वेग सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर. निम्मी अँटेना म्हणजे सहा मीटरांहून किंचित जास्त. तेवढं अंतर उपग्रह सेकंदात जवळजवळ 1220 वेळा कापतो, म्हणून 1220 हर्ट्झच्या खाली जायची सोयच नाही. झोताच्या कडा धारदार नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी वर राहावं लागतं. 1700 हर्ट्झ धरले तर दोन ठोक्यांमध्ये 0.59 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात जमिनीवरचा जेमतेम दीडशे किलोमीटरचा पट्टा मावतो, आणि त्यातून स्पंद सोडण्याचा वेळ वजा करायचा. हवा होता 250 किलोमीटरचा पट्टा.

मग पट्ट्याचे तीन भाग केले. रडार आळीपाळीनं एकेका भागाकडे बघतं आणि प्रत्येक भागासाठी वेगळा ठेका धरतं: सुमारे 1717, 1452 आणि 1686 हर्ट्झ. आकडे जरा नीट बघा. जवळचा भाग, मधला, लांबचा, असा क्रम आहे, पण आकडे ना चढत जातात ना उतरत. मधला एकदम खाली. वाटेतल्या स्पंदांची संख्याही 9, 8, 10 अशी. हे कुणाच्या लहरीवर ठरलेलं नाही. आडव्या अक्षावर पीआरएफ आणि उभ्या अक्षावर अंतर घेऊन आलेख काढला, की स्पंद सोडण्याच्या वेळा त्यावर तिरके काळे पट्टे बनून उमटतात. खालून येणाऱ्या पडसादाचे पट्टे वेगळ्या तिरकेपणानं त्यांना छेदतात. मध्ये चौकटच्या आकाराच्या पांढऱ्या जागा उरतात. अभियंत्याला आपला पट्टा त्या पांढऱ्यात बसवायचा असतो. कुठल्या भागासाठी कुठली चौकट मोकळी सापडेल ते त्या पट्ट्यांच्या जाळीवर अवलंबून, म्हणून आकडे असे उड्या मारतात.

आता वर जाऊ. भूस्थिर कक्षा, 35,786 किलोमीटर. घरावरची टीव्हीची डिश एकदा खिळवली की हलवावी लागत नाही, कारण वरचा उपग्रह पृथ्वीबरोबर तितक्याच गतीनं फिरतो. टीव्हीसाठी हे वरदान आहे. सारसाठी मात्र उपग्रह जमिनीच्या तुलनेत हललाच नाही, तर वेगवेगळ्या जागांवरून पडसाद मिळणार कसे? म्हणून कक्षा विषुववृत्ताला थोडी कलती करतात. मग उपग्रह दिवसभरात आकाशात इंग्रजी आठाच्या आकाराची वाट चालतो, अर्धा वेळ उत्तरेला, अर्धा दक्षिणेला. ही कल्पना कियो तोमियासू या अमेरिकी अभियंत्यानं 1978 साली मांडली. त्याच वर्षी जूनमध्ये नासाचा सीसॅट उडाला, नागरी कामासाठी सार घेऊन गेलेला पहिला उपग्रह. म्हणजे खालच्या कक्षेतलं पहिलं पाऊल पडत होतं तेव्हाच कुणीतरी चाळीस-पन्नास पट वरचा विचार करत होतं. प्रत्यक्षात यायला पंचेचाळीस वर्षं गेली. चीननं 13 ऑगस्ट 2023 रोजी शीचांगहून लाँग मार्च-3बी रॉकेटनं लुदी थान्त्स-4 हा उपग्रह सोडला. भूसमकालिक, म्हणजे पृथ्वीबरोबर दिवसाला एकच फेरी पुरी करणाऱ्या कक्षेत काम करणारं हे जगातलं पहिलं सार.

इतक्या उंचीचा मोह का, असं कुणी विचारेल. अंतरामुळे पडसाद भयंकर क्षीण होतात. एकाच स्पंदाचा विचार केला तर पडसादाची ताकद अंतराच्या चौथ्या घातानं घटते. बाजूच्या जमिनीपर्यंतचं तिरकं अंतर 850 किलोमीटरऐवजी 37 हजार किलोमीटर म्हणजे सुमारे 36 लाख पट कमी. पण सेंटिनेल-1 चा एक उपग्रह त्याच जागेवर त्याच कोनातून बारा दिवसांनी परत येतो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी चढलं तसं काही तासांत चढणारं पाणी बघायचं, तर बारा दिवस हा काळ निरुपयोगी. उंचावरचा उपग्रह एकाच प्रदेशाकडे रोज तासन् तास बघू शकतो.

कलत्या कक्षेत जमिनीच्या तुलनेत वेग किती, त्यावर सगळं फिरतं. कक्षा 16 अंशांनी कलती धरू. विषुववृत्त ओलांडताना हा वेग सेकंदाला सुमारे 850 मीटर भरतो. खालच्या कक्षेतल्या साडेसात किलोमीटरच्या तुलनेत नवव्या हिश्श्याइतका. अँटेना 20 मीटरांची घेतली तर निम्मी लांबी 10 मीटर, म्हणजे सेकंदाला किमान 85 स्पंद. पहिल्या नियमाचं समाधान झालं. सुरुवातीचे ते शंभर ठोके इथून येतात. ठोके मंदावले ते उंची वाढली म्हणून मुळीच नाही, वेग कमी झाला म्हणून.

आणि दुसरा नियम? लहरीची लांबी 24 सेंटिमीटर धरली, म्हणजे एल-बँड, तर 20 मीटरांच्या अँटेनाचा झोत 37 हजार किलोमीटरवर साडेचारशे किलोमीटर रुंद होतो. जमिनीवर तिरका पडल्यावर त्याच्या दोन कडांच्या पडसादांत सुमारे दोन मिलिसेकंदांचा फरक पडतो. शंभर हर्ट्झला ठोक्यांमधला वेळ दहा मिलिसेकंद. दहात दोन! सेंटिनेलच्या दाटीवाटीनंतर इथं चक्क ऐसपैस वाटतं.

हा योगायोग नाही. दोन्ही नियम एकत्र मांडले की अँटेनाच्या किमान क्षेत्रफळाचं सूत्र निघतं. ते लहरीच्या लांबीबरोबर, अंतराबरोबर आणि वेगाबरोबर वाढतं. लहर तीच ठेवली तर उरतो अंतर आणि वेग यांचा गुणाकार. एल-बँड आणि 35 अंशांचा तिरकेपणा धरून ढोबळ आकडे असे येतात. खालच्या कक्षेत सुमारे 14 चौरस मीटर. 16 अंश कलत्या भूसमकालिक कक्षेत सुमारे 70. मधल्या, दहा हजार किलोमीटर उंचीच्या कक्षेत मात्र 120. कारण तिथं अंतर बारा-तेरा पटींनी वाढलेलं असतं, पण वेग अजून सेकंदाला पाच किलोमीटरच्या घरात असतो. मधल्या कक्षांना सहसा दोन्ही बाजूंचे फायदे थोडे थोडे मिळतील असं आपल्याला वाटतं. ठोक्यांच्या बाबतीत त्यांच्या वाट्याला दोन्ही बाजूंचे तोटे येतात. नासा आणि इस्रोच्या निसार या रडार उपग्रहाची बारा मीटर व्यासाची जाळीदार अँटेना अंतराळात उलगडताना केवढं कौतुक झालं. तिचं क्षेत्रफळ 113 चौरस मीटर, म्हणजे मधल्या कक्षेच्या या 120 च्या किमान मर्यादेला ती थोडी कमीच.

मात्र भूसमकालिक कक्षा फार कलती केली तर तिथला कमी वेगाचा फायदा हातचा जातो. 60 अंश कल दिला तर जमिनीच्या तुलनेतला वेग तीन किलोमीटरवर जातो आणि क्षेत्रफळ 250 चौरस मीटरच्या पुढे. जग जास्त दिसतं, अँटेना परवडत नाही.

आता ते एकशे एकचं गणित. आपल्या पट्ट्याच्या जवळच्या कडेचा पडसाद स्पंद सुटल्यापासून 245.5 मिलिसेकंदांनी येतो असं धरू. स्पंद स्वतः एक मिलिसेकंद लांब आहे. खालच्या कक्षेत तो याहून कितीतरी आखूड असतो, पण इथं क्षीणपणा भरून काढायला लांब स्पंद लागतात. पट्ट्याचा फरक आणि स्पंदाची लांबी मिळून शेवटचा पडसाद 248.6 ला संपतो. रडारनं 245.5 ते 248.6 या वेळात ऐकत राहायचं आहे, आणि नेमक्या त्या वेळात दुसरा कुठलाही स्पंद सुटत नसला पाहिजे.

शंभर हर्ट्झला स्पंद 240 ला सुटतो, 241 ला संपतो, पुढचा 250 ला. मधली जागा मोकळी, छान. एकशे एक हर्ट्झला ठोक्यांमधला वेळ 9.901 मिलिसेकंद. त्याची पंचवीस पट म्हणजे 247.5. बरोबर ऐकण्याच्या मध्यावर रडार बहिरं होणार! एकशे दोनला पंचविसावा ठोका 245.1 ला पडतो आणि 246.1 ला संपतो, म्हणजे सुरुवातीचे 0.6 मिलिसेकंद बुडाले. एकशे तीनला तो 242.7 ला पडतो आणि परत सगळं मोकळं. खाली उतरा: 99 चालतं, 98 आणि 97 चालत नाहीत, 96 पुन्हा चालतं.

एका हर्ट्झचा फरक, म्हणजे एक टक्का, आणि सगळं उलटंपालटं. कारण वाटेत पंचवीस ठोके आहेत. प्रत्येक ठोक्यामागे दशांश मिलिसेकंदाचा फरक पडला तरी पंचविसाव्या ठोक्यापर्यंत तो अडीच मिलिसेकंद होतो. सेंटिनेलच्या वाटेवर नऊ-दहाच स्पंद असतात, तिथं एक टक्क्यानं फारसं बिघडत नाही. सुरुवातीला म्हटलं की वाटेतल्या स्पंदांच्या संख्येनं घोटाळा होत नाही. ते पडसाद ओळखण्यापुरतं खरं. बहिऱ्या वेळेची जागा मात्र ही संख्या फार हळवी करून ठेवते. बरी बाजू अशी, की त्यामुळेच बहिरा पट्टा नको तिथून हलवायला एक-दोन हर्ट्झ पुरतात.

इथवर सगळं एका क्षणापुरतं. खालच्या कक्षेत तो क्षणच असतो. पाच मीटरच्या तपशिलासाठी सेंटिनेलला अर्धा-पाऊण सेकंद पडसाद गोळा केले की पुरे. आपल्या उंच रडारला 20 मीटरच्या तपशिलासाठी 850 मीटर वेगानं चार मिनिटांहून जास्त लागतात. तेवढ्यात ते 220 किलोमीटर सरकतं आणि सव्वीस हजारांवर स्पंद सोडतं. हे सगळे पडसाद जुळवून एक चित्र. या वेळात जमिनीचं अंतर जागच्या जागी राहत नाही.

उपग्रह जमिनीपासून सेकंदाला 50 मीटरनं दूर जातोय असं धरू. पाच मिनिटांत पंधरा किलोमीटर, पडसादाला उशीर 0.1 मिलिसेकंद. वर शंभर हर्ट्झला ऐकणं 248.6 ला संपत होतं आणि पुढचा ठोका 250 ला होता, म्हणजे हाताशी 1.4 मिलिसेकंद. चित्र एकच असेल तर चिंता नाही. पण त्याच प्रदेशाकडे लागोपाठ बघत राहायचं असेल, तर सत्तर मिनिटांनी पट्ट्याची लांबची कड बहिऱ्या वेळेत शिरते. खालच्या कक्षेत पट्टा आणि ठेका एकदा ठरवला की पुष्कळसं काम झालं. इथं ठरवलेला ठेका काही तासांत शिळा होतो.

वेगही बदलतो. आठाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला उपग्रह वळतो, तिथं 850 मीटरचा वेग 120 मीटरपर्यंत उतरतो. सहा तासांत सातपट फरक. टोकापाशी पहिल्या नियमाला सेकंदाला बाराच स्पंद पुरतात. तिथं एक गंमत घडते. 36 हजार किलोमीटरवरून दिसणाऱ्या सगळ्या पृथ्वीचे पडसाद, अगदी पायाखालच्या जमिनीपासून क्षितिजाच्या कडेपर्यंतचे, 239 ते 278 मिलिसेकंद या दरम्यान येतात. सगळा पसारा 39 मिलिसेकंदांचा. सेकंदाला पंचवीसच्या आत ठोके असतील तर अर्ध्या जगाचे पडसाद दोन ठोक्यांच्या मध्ये मावतात आणि दुसऱ्या गावचं उत्तर ही भानगडच उरत नाही. म्हणून लगेच बारावर उतरावं असंही नाही. चित्राची स्पष्टता एकूण किती वेळ ऊर्जा सोडली त्यावर असते. ठोके सातपट कमी केले तर स्पंद सातपट लांब करावे लागतील, आणि सात मिलिसेकंद सलग पूर्ण ताकदीनं चालणारा प्रेषक बनवणं सोपं नाही. तेव्हा टोकापाशीही रडार गरजेपेक्षा जास्त ठोके देत राहणं सोयीचं ठरतं, आणि तिथला ठेका वेगापेक्षा विजेच्या हिशेबानं ठरतो.

ठेका बदलायचा म्हटलं तरी बटण दाबलं आणि झालं, असं होत नाही. बदलाच्या क्षणी जुन्या ठेक्याचे पंचवीसेक स्पंद वाटेत असतात. पुढचा पाव सेकंद पडसाद जुन्या तालात येतात आणि नवे स्पंद नव्या तालात सुटतात. काही पडसाद बहिऱ्या वेळेत सापडून हरवतात. सव्वीस हजारांतले पंचवीस गेले तर चित्राला फरक पडत नाही, पण ऐकण्याच्या वेळा त्या पाव सेकंदात जुन्या हिशेबानं चालवायच्या आणि मग नव्यावर आणायच्या, हे वेळापत्रक आधी लिहून ठेवावं लागतं. दुसरा उपाय म्हणजे ठेका एकसारखा ठेवायचाच नाही, प्रत्येक दोन ठोक्यांमधला वेळ थोडा थोडा बदलत जायचा. मग बहिरा पट्टा एका जागी ठाण मांडत नाही. प्रत्येक जागेचे काही पडसाद हरवतात, पण कुठल्याच जागेचे सगळे हरवत नाहीत, आणि हरवलेले शेजारच्यांवरून गणितानं भरून काढता येतात. जर्मन अंतराळ संस्थेच्या संशोधकांनी हे तंत्र बरंच पुढे नेलं. निसारच्या रुंद पट्ट्यातल्या अंध रेघा बुजवण्याचा विचारही याच वाटेनं झालेला आहे.

चित्र जुळवणाऱ्यांच्या बाजूनं आणखी एक जुना समज इथं मोडतो. खालच्या कक्षेत हिशेब करताना असं धरतात, की स्पंद सोडला आणि पडसाद ऐकला तेव्हा उपग्रह एकाच जागी उभा होता. सहा मिलिसेकंदांत तो चाळीसेक मीटर सरकतो, आणि तेवढ्याची दुरुस्ती सोपी असते. उंच कक्षेत पाव सेकंदात तो जमिनीच्या तुलनेत दोनशे मीटर पुढे गेलेला असतो. सोडण्याची जागा आणि ऐकण्याची जागा वेगवेगळी धरूनच गणित करावं लागतं. शिवाय चार मिनिटं किंवा त्याहून जास्त काळ पडसाद गोळा करायचे म्हणजे तेवढ्यात वरचं आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित थर) बदलतं, खाली पाऊसवारा चालू असतो, झाडं डोलत असतात. पण ती कटकट ठोक्यांच्या कक्षेबाहेरची.

कलणं अगदी कमी ठेवायचं, हीदेखील एक विचारधारा आहे. जमिनीच्या तुलनेत वेग सेकंदाला दहा मीटरच ठेवला, तर सी-बँडमध्ये (साडेपाच सेंटिमीटरच्या आसपासची लहर) 20 मीटरच्या तपशिलाला दीड तासाच्या आसपास लागतो. लहान अँटेना, सेकंदाला मोजके स्पंद, आणि ठोक्यांचे पहिले दोन नियम जवळजवळ गायब. युरोपीय अंतराळ संस्थेपुढे आलेला हायड्रोटेरा हा प्रस्ताव अशाच मंद रडारचा होता. पाऊस आणि मातीतलं पाणी दिवसभर बघत राहायची कल्पना. शेवटच्या फेऱ्यांमध्ये निवड हार्मनी या दुसऱ्या मोहिमेची झाली.

तिसरा नियमही उडवायचा तर पाठवणारा आणि ऐकणारा उपग्रह वेगळे करावे लागतात. मिलानच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी 1998 मध्ये अशी सूचना केली होती: भूस्थिर कक्षेतले प्रसारण उपग्रह चोवीस तास रेडिओलहरी खाली ओततच असतात, तर त्यांचेच जमिनीवरून उसळलेले पडसाद दुसऱ्या उपग्रहानं नुसते ऐकावेत. तो उपग्रह स्वतः काहीच सोडत नाही, त्यामुळे त्याला बहिरं व्हायची वेळ येत नाही, आणि पीआरएफचा तिरक्या पट्ट्यांचा आलेख त्याच्यासाठी काढावा लागत नाही. त्याच्यापुढे प्रश्न उरतो तो ऊर्जेचा: रडारसाठी न बनवलेला, आधीच विरळ पसरलेला संकेत तासन् तास ऐकून त्यातून जमीन ओळखायची.